माझगावची चिनी वस्ती : एक पायी फेरी

आमच्या नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्यांस 'चिनी' हा शब्द प्रथम भेटतो तो स्वयंपाकघरात. लोणच्याची बरणी चिनीमातीची. काळ्या मसाल्यातील दालचिनी ही मूळची फारसी 'दार-चिनी', म्हणजे चीनचे लाकूड. आणि सकाळचा चहा तर वस्तू व नाव या दोन्ही नात्यांनी चीनचाच. इतिहासाच्या सहलीस दौलताबादेस गेलेल्या मुलांनी किल्ल्यावरील चिनी महालही पाहिलेला असतो. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाह अबुल हसन तानाशाह यास सन १६८७ च्या पराभवानंतर औरंगजेबाने तेथे कैदेत ठेविले. महालास ते नाव पडले त्याच्या भिंतींवरील झिलईदार फरश्यांवरून. सायंकाळी बसस्थानकाच्या आसपास तांबड्या रंगाच्या गाड्यांवर 'चायनीज' या नावाने जे काही शिजते, ते निराळेच. असा हा शब्द घरात, किल्ल्यावर व रस्त्यावर सर्वत्र आहे. परंतु शेजारी म्हणून राहिलेला, आपल्यासारखेच भाडे भरणारा, मुलास शाळेत घालणारा चिनी मनुष्य कोणी पाहिला आहे काय, असे आम्ही वर्गात विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही.

म्हणून यंदाच्या मुंबईच्या अभ्यास-सहलीत एक संपूर्ण दिवस माझगावच्या चिनी वस्तीकरिता राखून ठेविला. राणीचा बाग व समुद्र सोडून हे कशास, अशी कुरकुर काहींनी केली. ती अगदीच अस्थानी नव्हती, हे पुढे कळेल. सिंगापूर किंवा सॅन फ्रान्सिस्को येथील चिनी वस्त्यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस रंगीत कमानी, कागदी कंदील व उभ्या चिनी अक्षरांच्या पाट्या आठवतात. माझगावात यांपैकी काहीच नाही. येथे जे दिसते त्याहून जे दिसेनासे झाले तेच अधिक आहे. आणि ते का दिसेनासे झाले, हाच या फेरीचा खरा अभ्यास होय.

नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेस किंवा लातूरहून रात्रीची गाडी धरली म्हणजे सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते. तेथून हार्बर मार्गाची लोकल घ्यावी. मशीद, सँडहर्स्ट रोड व तिसरे डॉकयार्ड रोड. स्थानकास लागूनच एक टेकडी आहे, तिला भंडारवाड्याची टेकडी म्हणतात. तिच्यावरील बागेस लोकमान्य टिळकांचे सहकारी काका जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव दिलेले आहे. हे सन १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. त्यांचा जन्म याच माझगावातील माथारपाखाडी नावाच्या, अजूनही लाकडी जिने व गॅलऱ्या राखून असलेल्या ख्रिस्ती वाडीतला. फेरीचा आरंभ आम्ही या टेकडीवरूनच केला, व पुढे जाणाऱ्यांनीही तसाच करावा अशी आमची शिफारस आहे. कारण येथून पूर्वेस पाहिले की गोदीतील उंच याऱ्या, दुरुस्तीस आलेली जहाजे व त्यापलीकडे खाडीचे पाणी एका नजरेत येते. भूगोलाच्या पुस्तकातील दहा पानांनी जे कळत नाही, ते येथे दोन मिनिटांत कळते. वस्ती येथेच का झाली? पाणी येथे होते म्हणून, व पाण्यावर काम होते म्हणून.

माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. पोर्तुगिजांच्या अमलात ते एक सुखवस्तू गाव होते, व वर्षातून दोनदा फळणाऱ्या तेथील आंब्याची कीर्ती दूरवर होती. ज्या टेकडीवर आम्ही उभे होतो, तेथे इंग्रजांचा एक किल्ला होता. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने तो सन १६९० मध्ये जमीनदोस्त केला. सन १७७४ मध्ये येथे जहाजे दुरुस्त करण्याची एक लहान गोदी बांधण्यात आली, आणि आजचे प्रसिद्ध माझगाव डॉक त्याच मुळापासून वाढलेले आहे.

या गोदीतून व मुंबईच्या बंदरातून चीनकडे जे जात असे त्याविषयी मुलांपासून काही लपविणे आम्हांस बरे वाटत नाही. कापूस जात असे, पुढे गिरण्यांचे सूतही जाऊ लागले. परंतु सर्वांत फायद्याचा माल म्हणजे माळव्याची अफू. चीनच्या बादशाहाने ती बंद करू पाहिली तेव्हा इंग्रजांनी सन १८३९ ते १८४२ या काळात तोफांच्या बळावर तो व्यापार चालू ठेविला. मुंबईच्या पुष्कळशा दानशूर घराण्यांची संपत्ती या व्यापारात वाढली. सर जमशेटजी जिजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या, व त्यांच्याच दानातून सन १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उघडले. माझगावाहून ते दूर नाही, व मराठवाड्यातील कित्येक घरांनी आपले रोगी शेवटची आशा म्हणून तेथे नेलेले आहेत. एका देशाचे व्यसन दुसऱ्या देशाचे औषध झाले, असा हा हिशेब आहे. तो मुलांनी स्वतःच मांडून पाहावा. पारशी स्त्रियांच्या 'गारा' साड्यांवरील पक्षी व फुले हीही त्याच जहाजांतून आलेली.

जाणाऱ्या जहाजावर माल असतो तशी येणाऱ्या जहाजावर माणसेही असतात. कँटन भागातील खलाशी, सुतार व आचारी या जहाजांवरून मुंबईस येऊ लागले. काही परत गेले, काहींची जहाजे चुकली, काहींनी जाण्याचे मनात आणिले नाही. मुंबई इलाख्यात चिनी माणसे याहून निराळ्या वाटेनेही आली होती. एकोणिसाव्या शतकात मलाया व सिंगापूरकडील चिनी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात पाठविले जात. त्यांनी तेथे भाजीपाल्याचे मळे फुलविले. सन १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. तेथील 'चायनामन' नावाचा धबधबा त्यांची आठवण होय. परंतु वस्ती म्हणावी असे जे काही झाले ते माझगावास, गोदीच्या सावलीत.

टेकडी उतरून नवाब टँक नावाच्या रस्त्यास लागले की एक बेताची दुमजली इमारत लागते. आमच्या पुढच्या रांगेतील मुले तिच्यावरून सरळ पुढे निघून गेली, इतकी ती साधी आहे. हेच 'सी-यप-कून', मुंबईतील चिनी देऊळ, सन १९१९ मध्ये बांधलेले. इंग्रज लोक चिनी देवळास 'जॉस हाऊस' म्हणत. आणि 'जॉस' हा शब्द चिनी नसून पोर्तुगीज 'देउस' म्हणजे देव याचा अपभ्रंश आहे. पोर्तुगिजांच्या जुन्या गावात हा शब्द मुलांस समजावून सांगताना आम्हांस थोडी मौज वाटली.

देवळाच्या नावाकडे मात्र नीट लक्ष दिले पाहिजे, कारण वस्तीचे सारे रहस्य त्यात आहे. कँटनी बोलीत 'सी' म्हणजे चार, 'यप' म्हणजे तालुका किंवा परगणा, आणि 'कून' म्हणजे मंडळाचे घर. चार तालुक्यांचे घर, असा त्याचा सरळ अर्थ. कँटनच्या नैर्ऋत्येस तोइसान, सुनवुई, होइपिंग व यानपिंग असे चार लागून असलेले तालुके आहेत. त्यांची बोली एक, गरिबीही एक. आपल्याकडील देगलूर, बिलोली, नायगाव व मुखेड येथील माणसे परमुलखात गेली व त्यांनी मिळून एक धर्मशाळा बांधली, असे समजावे. धर्मशाळा हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. येथे वर देव होता व खाली खलाशांच्या मुक्कामाची सोय होती. जहाजावरून उतरलेल्या, भाषा न जाणणाऱ्या तरुणास निजण्यास जागा, आपल्या बोलीतले चार शब्द, व आजारी पडल्यास कोणी तरी विचारणारा, हे सर्व एका छपराखाली मिळे.

याच चार तालुक्यांची माणसे सन १८४९ च्या सुमारास सोन्याच्या आशेने कॅलिफोर्नियास गेली, ऑस्ट्रेलियास गेली. मेलबर्न शहरात सन १८६६ चे एक 'सी-यप' देऊळ आजही उभे आहे, व त्यातील देवही माझगावचाच. म्हणजे नवाब टँक रस्त्यावरील ही लहानशी खोली साऱ्या जगभर पसरलेल्या एका साखळीतील कडी आहे. अमेरिकेने या लोकांविरुद्ध सन १८८२ मध्ये प्रवेशबंदीचा कायदा केला व तो १९४३ पर्यंत टिकविला. मुंबईने त्या काळात असे काही केले नाही, हे आपल्या शहराच्या बाजूने नमूद करावे लागेल. आपल्यावर जो प्रसंग आला तो पुढे.

वरच्या मजल्यावरील देव म्हणजे क्वान-कुंग. हा कोणी पौराणिक देव नव्हे. इतिहासात होऊन गेलेला क्वान-यू नावाचा सेनापती होय. हान राजवट मोडकळीस आली त्या धामधुमीच्या काळात तो होऊन गेला व इसवी सन २२० च्या सुमारास शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. लाल चेहरा, छातीवर रुळणारी दाढी व हाती लांब दांड्याचे चंद्रकोरी पाते, ही त्याची खूण. कथा अशी की, लिऊ-पेई, चांग-फेई व हा अशा तिघांनी पीचवृक्षांच्या बागेत भाऊपणाची शपथ घेतली व ती शेवटपर्यंत पाळली. आपल्याकडे गावच्या वेशीवर वीरगळ असतात, व गावाकरिता पडलेल्या माणसास शेंदूर लावून लोक नमस्कार करितात. त्याच जातीची ही भक्ती आहे. परंतु खलाशांनी नेमका हाच देव का निवडला? रक्ताचे भाऊ हजारो कोस दूर असता ज्यांस शपथेच्या भावांवर जगावयाचे होते, त्यांस याहून जवळचा देव कोठला मिळावा? भागीदारीत व्यापार करणारे चिनी लोकही यालाच साक्षी ठेवितात.

खालच्या बाजूस करुणेची देवी क्वान-यिन हिचे स्थान आहे. येथे आमच्या मुलांस जे शिकावयास मिळाले ते आम्हांस या साऱ्या फेरीत सर्वांत मोलाचे वाटते. क्वान-यिन ही मुळात चिनी देवी नाही, किंबहुना मुळात देवीही नाही. जगाचा आक्रोश ऐकणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर भिक्षूंबरोबर भारतातून चीनला गेला, व तेथे शतकानुशतकांच्या ओघात लोकांनी त्यास मातेचे रूप दिले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील कमळ धारण केलेला पद्मपाणी हा त्याचाच एक अवतार. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात तर अग्नी, तलवार, साखळदंड, फुटते जहाज, हत्ती, सर्प अशा संकटांत सापडलेली माणसे त्याचा धावा करिताना कोरलेली आहेत. त्या शिल्पातील बुडत्या जहाजावरील माणसे आणि माझगावास उतरून प्रथम या देवीपुढे उदबत्ती लावणारे खलाशी यांच्यामध्ये हजाराहून अधिक वर्षे आहेत, परंतु प्रार्थना एकच आहे. आमच्याच मराठवाड्यातील लेण्यांचा हा देव चीनला जाऊन, वेष पालटून, समुद्रमार्गे परत मुंबईस आला, व आपण त्यास ओळखिले नाही.

येणे-जाणे एकतर्फी नव्हते हे सांगण्यास ह्युएन-त्संगचेही नाव घेतले पाहिजे. हा चिनी यात्रेकरू इसवी सन ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे महाराष्ट्रात आला होता. येथील लोक उपकार विसरत नाहीत व अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचे वर्णन त्याने करून ठेविले आहे. शेजाऱ्याने केलेली आपली परीक्षा म्हणून ते प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने वाचावे.

देवळात बांबूच्या क्रमांक घातलेल्या काड्यांचा एक डबा असतो. मनात प्रश्न धरून तो हलवावयाचा. जी काडी बाहेर पडेल तिच्या क्रमांकाचे उत्तर पाहावयाचे. काय हे थोतांड, असे म्हणून एक मुलगा हसला. दुसरा लगेच म्हणाला, "आमच्या आजीने देवास कौल लावला तेव्हा तू कुठे हसलास?" यावर आम्हांस काही बोलण्याची गरज उरली नाही. चांद्रमासाच्या हिशेबाने येणाऱ्या चिनी नववर्षास, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, मुंबईतील उरलीसुरली चिनी कुटुंबे येथे जमतात, उदबत्त्या लावितात, एकमेकांस भेटतात. वर्षातील तेवढाच काळ ही वस्ती पुन्हा वस्ती होते.

दुसरी चिनी आळी कामाठीपुऱ्यालगतच्या शुक्लाजी स्ट्रीटवर होती. खाणावळी होत्या, आणि अफूचे अड्डेही होते. जी वस्तू मुंबईने चीनला शिकविली ती अशी परत आली. मुलांस तिकडे नेणे आम्ही योग्य मानिले नाही. तथापि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कामाठीपुरा हे नाव ज्या कामाठ्यांवरून पडले, ते निजामाच्या मुलखातून, म्हणजे आमच्या बाजूकडून, अठराव्या शतकाच्या अखेरीस मजुरीकरिता मुंबईस गेलेले लोक. चिनी सुतार व हैदराबादी गवंडी एकमेकांस लागून राहत होते. मुंबईच्या दृष्टीने दोघेही सारखेच परके, व दोघांच्याही घामाने ती उभी राहिली.

सन १९३७ मध्ये जपानने चीनवर स्वारी केली तेव्हा आणखी काही कुटुंबे आश्रयास आली. हिंदुस्थानातील चिनी लोकांत धंद्याची वाटणी मोठी गमतीची होती : कँटनी लोक सुतारकाम करीत, हाक्का लोक चामडे व जोडे यांचा धंदा करीत, आणि हुपेह प्रांताकडील लोक दात बसवीत. मुंबईत दंतवैद्य, खानावळवाले व केशभूषेची दुकाने चालविणाऱ्या स्त्रिया यांचे नाव झाले. कुलाब्यास एका चिनी कुटुंबाचे 'लिंग्ज पॅव्हिलियन' अजूनही चालते. याच काळात उलट दिशेनेही एक मनुष्य गेला. लातूरच्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सन १९३८ मध्ये काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, तेथेच त्यांनी क्वो चिंग-लान हिच्याशी विवाह केला, व ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच मरण पावले. त्यांच्यावरील व्ही. शांताराम यांचा बोलपट सन १९४६ मध्ये मुंबईत निघाला, व चीनविषयी प्रेम दाटून येण्याचा तो काळ होता.

त्यानंतर सोळा वर्षांनी काय झाले ते आता सांगावयाचे.

सन १९६२ च्या २० ऑक्टोबरला चीनने हिमालयात आक्रमण केले, व २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. एका महिन्याचे ते युद्ध. परंतु भारतात राहणाऱ्या चिनी कुटुंबांचे युद्ध पुढे कित्येक वर्षे चालले. आसाम, दार्जिलिंग वगैरे भागांतून सुमारे तीन हजार माणसे, त्यांत म्हातारी व तान्ही मुलेही, रात्रीतून उचलून राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेण्यात आली. हीच ती छावणी, जेथे इंग्रजांनी जयप्रकाश नारायण प्रभृतींस डांबले होते. काहींस तेथून सुटण्यास सन १९६७ उजाडले. त्यांपैकी पुष्कळांचा जन्म भारतातला होता, व चीन त्यांनी नकाशावरच पाहिला होता. आसामातील अशा कुटुंबांवर रीता चौधरी यांनी 'मकाम' ही कादंबरी सन २०१० मध्ये लिहिली आहे.

मुंबईतील चिनी लोकांस बहुतांशी छावणी टळली. परंतु पोलिसांकडे नोंद, परवानगीवाचून शहर सोडावयाचे नाही, आणि जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्याची बदललेली नजर, हे त्यांस चुकले नाही. बँक ऑफ चायनाची मुंबईची शाखा त्याच वर्षी बंद करण्यात आली. मग एकेक घर उठू लागले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जेथे कोणी चार तालुक्यांतला ओळखीचा असेल तेथे. माझगावच्या गल्लीत पाट्या बदलल्या, खोल्यांत नवे भाडेकरू आले, आणि देऊळ तेवढे राहिले.

युद्धकाळी सरकारने सावध असावे, हे कोणीही नाकारणार नाही. शत्रूस बातमी देणारा कोणत्याही वस्तीत असू शकतो, व त्यास पुरावा पाहून पकडणे हा राज्याचा धर्मच आहे. परंतु त्या वर्षीच्या परदेशी व्यक्तींविषयीच्या कायद्याने जी रेषा ओढली ती कृत्याची नव्हती. ज्याच्या आईबापांपैकी किंवा आजाआजींपैकी कोणीही एक केव्हाही आक्रमक देशाचा प्रजाजन होता, त्यास परक्याप्रमाणे वागविता येईल, असा तिचा आशय होता. हा मजकूर आम्ही देवळाच्या पायरीवर मुलांस समजावून सांगितला तेव्हा नववीतील एका मुलाने विचारले, "सर, म्हणजे त्याने स्वतः काही केले नसले तरी?" आम्ही म्हणालो, होय. तो पुन्हा म्हणाला, "आणि आजोबांनीही काही केले नसले तरी?" याचेही उत्तर होय असेच होते. अमेरिकेने सन १९४२ मध्ये आपल्याच जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांस असेच छावण्यांत घातले होते. सन १९८८ मध्ये त्या सरकारने त्यांची क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले. आपल्याकडे देवळीविषयी तसे काही झालेले नाही.

हे सारे मुंबईचे व आसामचे, आपणांस त्याचे काय, असे म्हणण्याची सोय मराठवाड्यास नाही. निजामाच्या फौजेत नोकरीकरिता अरबस्तानातील हद्रमौत भागातून आलेल्या लोकांचे वंशज आपल्याकडे चाऊस या आडनावाने राहतात. पठाण मुलखातून आलेले रोहिले आपल्या आजोबांच्या आठवणीत आहेत. रझाकारांच्या जुलमाने होरपळलेल्या या प्रदेशात सन १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. तिच्यानंतर रझाकारांचा सूड निरपराध शेजाऱ्यांवर उगविला गेला, त्यात नांदेड व तेव्हाचा उस्मानाबाद हे जिल्हे विशेष होरपळले, व लातूर त्या वेळी उस्मानाबादेतच होते. अरब व पठाण लोकांपैकी पुष्कळांस त्या वेळी छावण्यांत ठेविले गेले, व काहींस देशाबाहेर पाठविण्यात आले. त्यांतही येथेच जन्मलेले, येथेच लग्न केलेले लोक होते. गुन्हेगार कोण आणि नुसता त्याच्यासारखा दिसणारा कोण, हा प्रश्न आमच्या वाड्यांतून, आमच्या बाजारपेठांतून विचारला गेलेला आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी नीट दिले गेले असे इतिहास म्हणत नाही. नांदेडास गुरुद्वाराच्या परिसरात जे दक्षिणी शीख राहतात, तेही दूरदेशीहून आलेल्यांचेच वंशज; ते आज नांदेडकर आहेत, यात कोणास शंका येत नाही. कोणाविषयी शंका येते व कोणाविषयी येत नाही, हे कशावरून ठरते, यावर आमच्या वर्गात परत आल्यानंतर दोन तास वाद झाला, व तो मिटला नाही.

माणसे गेली, पण पदार्थ पसरले. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग या कलकत्त्यास जन्मलेल्या चिनी आचाऱ्याने सन १९७५ मध्ये आले, लसूण व हिरवी मिरची परतून, त्यात गरम मसाल्याऐवजी सोयाचा रस व मक्याचे पीठ घालून कोंबडीचा एक पदार्थ केला व त्यास 'मांचुरियन' हे नाव दिले. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडील प्रांत. तेथे या पदार्थाची कोणास वार्ताही नाही. आज उदगीर-देगलूरच्या गाडीवर कोबीचे 'मांचुरियन' तळणाऱ्या मुलास वांग हे नाव ठाऊक नसते, व त्याचे काही अडतही नाही. पण याहून नवलाची गोष्ट टोरांटोची आहे. भारत सोडून तेथे गेलेल्या चिनी कुटुंबांनी 'हाक्का' नावाच्या खाणावळी घातल्या, त्यांत हेच मांचुरियन मिळते, व ते खावयास तेथील भारतीयच गर्दी करितात. ज्यांनी त्यांस जाऊ दिले त्यांच्याच चवीवर त्यांचे पोट चालते आहे.

वेळ उरला तर वडाळ्यापलीकडे अँटॉप हिल येथील चिनी दफनभूमीकडे जावे. आम्हांस तेथे पोहोचण्यास ऊन कलले होते. माझगावात जी वस्ती आता शोधावी लागते, तिची माणसे येथे मात्र आहेत. चिनी लोकांत 'चिंग-मिंग' नावाचा पितरांचा दिवस असतो. तो एप्रिलच्या ४ किंवा ५ तारखेस येतो. त्या दिवशी घरची माणसे थडगी झाडतात, गवत उपटतात, अन्न ठेवितात. आपल्या सर्वपित्रीची आठवण यावी असाच तो विधी. ज्यांची मुले मुंबईत आहेत त्यांची थडगी झाडली जातात; ज्यांची टोरांटो-मेलबर्नला आहेत त्यांच्यावर पावसाळ्यात गवत वाढते व उन्हाळ्यात वाळते.

पुढील वर्षी ज्यांस ही फेरी करावयाची असेल त्यांनी शक्य तर एप्रिलचा पहिला आठवडा निवडावा. माझगावचे देऊळ एका चिनी घराण्याच्या देखभालीखाली आहे व त्याचे दार नेहमी उघडे असतेच असे नाही, तेव्हा आधी विचारून जावे, आत मोठ्याने बोलू नये, आणि देखभाल करणाऱ्यांस "तुम्ही मूळचे कोठले?" असे विचारू नये. त्यांचे उत्तर 'माझगावचे' असेच आहे.